वोन्जू धर्मप्रांताचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियात जाणारा पर्यटक सोलमधले म्योंगदोंग कॅथीड्रल पाहतो, फोटो काढतो आणि पुढे निघतो. वोन्जूला सहसा कोणी थांबत नाही. पण कोरियन चर्चच्या इतिहासात या आडबाजूच्या डोंगराळ धर्मप्रांताचे नाव पुन्हा पुन्हा येते: कधी छळाच्या काळात, कधी सहकारी चळवळीत, तर कधी थेट लष्करी न्यायालयात. त्याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसे आहेत.

वोन्जू नेमके कुठे आहे?

सोलच्या आग्नेयेला, गांगवोन प्रांतात. प्रांताचे नावच गांगनुंग आणि वोन्जू या दोन शहरांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून झाले आहे. जोसन राजवटीत इ. स. १३९५ पासून पाचशे वर्षे प्रांताच्या राज्यपालाची कचेरी वोन्जूत होती. पुढे मुख्य ठाणे चुनचोनला गेले आणि वोन्जू मागे पडले.

आजच्या धर्मप्रांतात गांगवोनचा दक्षिण भाग (वोन्जू, ह्वेंगसोंग, योंगवोल, जोंगसोन, थेबेक, साम्चोक, दोंगहे हा पट्टा) आणि शेजारच्या उत्तर चुंगचोंग प्रांतातील जेचोन व दानयांग येतात. डोंगर, दऱ्या, कोळशाच्या खाणी आणि पूर्वेला समुद्र. भातशेतीची सपाट जमीन कमीच. गरिबीचा भूगोल म्हणा हवे तर.

'धर्मप्रांत' म्हणजे काय?

एका बिशपच्या देखरेखीखालचा चर्चचा प्रदेश. वसईच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. इतरांनी एवढेच लक्षात ठेवावे की ही सरकारी हद्द नव्हे, त्यामुळे ती जिल्ह्यांच्या सीमांशी जुळतेच असे नाही. एक धर्मप्रांत अनेक धर्मग्रामांचा, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायांचा मिळून बनतो.

धर्मप्रांत १९६५ चा. मग इतिहास १८०१ पासून का सांगतात?

कारण माणसे आधी आली, बिशप खूप नंतर.

कोरियात कॅथलिक धर्म मिशनऱ्यांनी नेला नाही. तिथल्या काही विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तके वाचली आणि आपल्यातल्या एकाला, यी सुंग-हुन यांना, बीजिंगला पाठवले. १७८४ मध्ये ते बाप्तिस्मा घेऊन परतले आणि त्यांनी इतरांना बाप्तिस्मा दिला. पहिले परदेशी धर्मगुरू, चीनचे झोउ वेनमो, पोचायला त्यानंतर दहा वर्षे गेली. १८०१ मध्ये मोठा छळ सुरू झाला, झोउ यांचाही शिरच्छेद झाला, आणि सोल व ग्योंगी भागातले श्रद्धावंत घरदार सोडून डोंगरात पळाले. वोन्जू-जेचोनच्या दऱ्या अशा लोकांनी भरल्या.

एक बाब गोव्याच्या वाचकांसाठी. या कोरियन लोकांचा पत्रव्यवहार बीजिंगच्या बिशपशी चाले, आणि १६९० साली स्थापन झालेला बीजिंगचा धर्मप्रांत पोर्तुगीज पाद्रोआदो व्यवस्थेत (म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपवलेल्या पूर्वेकडच्या चर्चच्या कारभारात) गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिपत्याखाली होता. म्हणजे चर्चच्या कागदावर तरी सोलमधून बीजिंगला जाणाऱ्या वाटेचे पुढचे टोक मांडवीच्या काठी होते.

डोंगरात ही माणसे जगली कशावर?

तंबाखू लावून, उतारावरची झाडी जाळून केलेल्या शेतीवर, आणि मुख्यतः मडकी भाजून. कोरियात किमची आणि सोयाबीनची पेस्ट मुरवायला जे मोठे मातीचे रांजण लागतात त्यांना ओंगी म्हणतात. माती आणि सरपण डोंगरात फुकट. कुंभाराला समाजात मान नाही, त्यामुळे त्याच्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही. आणि पाठीवर रांजण बांधून गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही, त्यामुळे निरोप पोचतात आणि दुसऱ्या वस्तीत कोण पकडले गेले तेही कळते. हा धंदा लपायला इतका सोयीचा होता की 'ओंगीवाला' म्हटले की कॅथलिक, अशी ओळखच होऊन बसली.

या वस्त्यांत धर्मगुरू नसे. प्रार्थना घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, मरणाऱ्याजवळ बसणे ही सारी कामे गावातलाच एखादा जाणता माणूस करी. अशा धर्मगुरूविना चालणाऱ्या वस्तीला गोंगसो म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. माझ्या मते वोन्जूचा पुढचा सगळा इतिहास, पतसंस्थांपासून मोर्चांपर्यंत, या सवयीतूनच निघाला आहे: वरून कोणी येण्याची वाट न पाहता आपले आपण चालवायचे.

रेशमी पत्राची भानगड काय आहे?

कोरियन चर्चच्या इतिहासातले हे सर्वांत अवघड पान, आणि ते याच धर्मप्रांतात लिहिले गेले.

ह्वांग सा-योंग हा हुशार तरुण. वयाच्या सोळाव्या वर्षी राज्याची परीक्षा उत्तीर्ण झालेला. १८०१ च्या धरपकडीत तो जेचोनजवळच्या बेरोन या दरीत पळाला. तिथल्या ओंगी बनवणाऱ्या घरामागे भुयारासारखी एक खोली होती, पुढे रांजण रचले की दिसणार नाही अशी. तिच्यात सुमारे आठ महिने बसून त्याने पांढऱ्या रेशमी कापडावर बारीक चिनी अक्षरांत बीजिंगच्या बिशपला पत्र लिहिले. १२२ ओळी, तेरा हजारांहून अधिक अक्षरे. कोण कसे मेले याची त्यातली हकीकत आजही इतिहासकारांना मोलाची वाटते.

पण पत्राच्या शेवटी त्याने मागण्या केल्या. चीनच्या सम्राटाने जोसनवर दबाव आणावा. आणि तेही नको असेल तर पाश्चात्त्य देशांनी शेकडो जहाजे आणि पन्नास-साठ हजार सैनिक पाठवून दरबाराला धर्मस्वातंत्र्य द्यायला भाग पाडावे.

पत्र बीजिंगला पोचलेच नाही. निरोप्या पकडला गेला, मग ह्वांगही. त्याला देहाचे तुकडे करण्याची शिक्षा झाली. आईची रवानगी गोजे बेटावर, बायकोची जेजू बेटावर. तान्हे मूल वाटेत चुजा बेटावर सोडले गेले. आणि दरबाराला हवा तो पुरावा मिळाला की हे लोक परक्यांना बोलावणारे आहेत. छळ आणखी तीव्र झाला.

मूळ पत्र १८९४ मध्ये सरकारी दप्तरात सापडले, सोलचे फ्रेंच बिशप म्युतेल यांच्याकडे आले, आणि १९२५ मध्ये कोरियन हुतात्म्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याच्या वेळी पोप अकरावे पायस यांना भेट दिले गेले. आज ते व्हॅटिकनमध्ये आहे.

मग ह्वांग सा-योंग हुतात्मा की देशद्रोही?

कोरियात दोन्ही मते आजही आहेत, आणि दोन्हीकडे कॅथलिक सापडतात. १९८४ मध्ये संत घोषित झालेल्या १०३ जणांत तो नाही, २०१४ मध्ये धन्य घोषित झालेल्या १२४ हुतात्म्यांतही नाही. आता पुढच्या एका गटात त्याचे नाव विचाराधीन आहे. माझे विचाराल तर, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, सगळे सोबती मारले गेलेल्या माणसाने अंधारात बसून लिहिलेले ते पत्र आहे. त्याची मागणी चुकीचीच होती. पण तिच्यामुळे पत्रातली साक्ष खोटी ठरत नाही.

बेरोनमध्ये शाळाही होती म्हणतात, ते खरे का?

खरे. १८५५ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांनी तिथे संत योसेफ सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शाळा) सुरू केली, तीही जांग जू-गी नावाच्या गावकऱ्याच्या गवती छपराच्या घरात. फादर पुर्तिए प्रमुख, फादर पेतिनिकोला शिक्षक, मूठभर मुले, आणि विषय लॅटिन. बाहेर धर्म पाळल्यास मरणाची शिक्षा आणि आत लॅटिनची व्याकरणे! १८६६ च्या छळात दोन्ही फ्रेंच गुरू आणि जांग जू-गी मारले गेले व शाळा संपली. जांग आज संत आहेत. आज तिथे उभे असलेले गवती घर नव्याने बांधलेले आहे.

बेरोन हे नाव दरीच्या आकारावरून पडले आहे, होडीच्या तळासारखी ती दिसते म्हणून.

'घामाचे हुतात्मा' कोणाला म्हणतात?

फादर चे यांग-ओप यांना. कोरियाचे दुसरे देशी धर्मगुरू. १८३६ मध्ये शिक्षणासाठी मकाऊला गेले. ते तिकडे असतानाच आईवडील दोघेही छळात गेले. १८४९ मध्ये शांघायला गुरुदीक्षा घेऊन परतले आणि पुढची जवळजवळ बारा वर्षे एका गोंगसोहून दुसऱ्या गोंगसोला चालत राहिले. दर वर्षी सात हजार ली, म्हणजे अदमासे २,८०० किलोमीटर, तेही बहुतेक रात्रीचे. १८६१ च्या जूनमध्ये वाटेतच आजारी पडून वारले. वय ४०. त्यांना बेरोनला पुरले. तलवारीने न मरता श्रमाने मेले म्हणून 'घामाचे हुतात्मा'. २०१६ मध्ये चर्चने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. संतपदाच्या वाटेवरचा हा एक टप्पा.

पुंगसुवोन चर्च इतके प्रसिद्ध का?

१८०१ नंतर ग्योंगी भागातून पळालेली सुमारे चाळीस माणसे भटकत ह्वेंगसोंगच्या या खोऱ्यात पोचली आणि तिथेच राहिली. पुढची ऐंशी वर्षे तिथे नेमलेला धर्मगुरू नव्हता. तीन-चार पिढ्या! १८८८ मध्ये फादर ल मेर आले तेव्हा धर्म शिकवायची गरज नव्हती, तो तिथे होताच.

१८९६ मध्ये फादर जोंग ग्यू-हा आले आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या काळात, १९०७ मध्ये, लाल विटांचे चर्च उभे राहिले. गावकऱ्यांनी माती मळली, विटा भाजल्या, लाकडे वाहिली. कुंभारांच्या वंशजांना भट्टी नवी नव्हती. कोरियन धर्मगुरूच्या देखरेखीखाली बांधलेले हे कोरियातले पहिले पाश्चात्त्य धाटणीचे चर्च मानतात. १९२० पासून तिथे ख्रिस्तदेहाच्या सणाची मिरवणूक निघते.

वोन्जू शहराचे धर्मग्राम १८९६ मध्ये याच पुंगसुवोनमधून वेगळे झाले. म्हणजे शहर हे खेड्याचे अपत्य. असा उलटा क्रम फार कमी ठिकाणी दिसतो.

योंगसोमाकचे काय?

१९१५ चे विटांचे देखणे चर्च, भोवती जुनी झाडे. हिब्रूमधून जुना करार कोरियनमध्ये आणणारे फादर सोन जोंग-वान याच गावचे. त्यांच्या वस्तू तिथे जपल्या आहेत.

वोन्जू वेगळा धर्मप्रांत कधी आणि कसा झाला?

गांगवोन आधी सोलच्या बिशपकडे होते. १९३९ मध्ये चुनचोन वेगळे होऊन आयर्लंडच्या कोलंबन मिशनऱ्यांकडे गेले. १९६२ मध्ये कोरियात पूर्ण दर्जाचे धर्मप्रांत स्थापन झाले, आणि २२ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी चुनचोनचा दक्षिण भाग तोडून वोन्जू धर्मप्रांत केला. पुढे हद्दी बदलल्या: १९६९ मध्ये किनाऱ्यावरचा उलजिन भाग नव्या आंदोंग धर्मप्रांताला गेला, जेचोन व दानयांग इकडे आले. हा बदल महत्त्वाचा, कारण त्यामुळेच बेरोन वोन्जूच्या वाट्याला आले.

पहिले बिशप कोण?

जी हाक-सून. जन्म १९२१, आता उत्तर कोरियात असलेल्या दक्षिण प्योंगान प्रांतात. तरुणपणी दक्षिणेत आले, युद्धात जखमी झाले, १९५२ मध्ये धर्मगुरू झाले, रोममध्ये चर्चच्या कायद्याचा अभ्यास केला. वोन्जूला आले तेव्हा वय ४३. त्याच वर्षअखेरीस दुसरी व्हॅटिकन परिषद संपली. जगाच्या सुखदुःखाशी चर्चचे नाते आहे, हे तिचे म्हणणे जींनी फार मनावर घेतले.

चर्च पतसंस्थेच्या धंद्यात कसे पडले?

सावकारामुळे. आजारपण, लग्न, बियाणे, कशासाठीही पैसा लागला की महिन्याचे भारी व्याज. कोरियातली पहिली पतसंस्था १९६० मध्ये बुसानला मेरीनोल संघाच्या सिस्टर मेरी गॅब्रिएला यांनी सुरू केली होती. वोन्जूत १९६६ मध्ये वोनदोंग चर्चच्या लोकांनी आपली उघडली.

यामागचा माणूस होता जांग इल-सून. वोन्जूचाच, शाळा काढलेला शिक्षक. १९६१ च्या लष्करी उठावानंतर शांततामय एकीकरणाची भाषा केली म्हणून तीन वर्षे तुरुंगात राहिलेला. बाहेर आल्यावरही पाळत होतीच. बिशपने अशा माणसाला जवळ केले. दोघांची जोडी जमली: एकाकडे चर्चचे छत्र, दुसऱ्याकडे गावाची नस. १९७२ मध्ये 'बाल्गुम' म्हणजे 'उजेड' नावाची पतसंस्था निघाली.

१९७२ च्या पुराचा एवढा उल्लेख का होतो?

त्या ऑगस्टमध्ये नामहान नदीला महापूर आला आणि शेकडो गावे बुडाली. बिशपने परदेशी कॅथलिक संस्थांकडे मदत मागितली, पश्चिम जर्मनीतून मोठी रक्कम आली. नेहमीचा मार्ग म्हणजे धान्य वाटायचे, फोटो काढायचे, हिशेब पाठवायचा. वोन्जूत १९७३ च्या सुरुवातीला एक समिती बसवली गेली आणि ठरले की पैसा गावाने बैठक घेऊन मागायचा, कशासाठी ते गावानेच ठरवायचे, आणि शक्य तिथे कर्जाऊ घेऊन फिरता ठेवायचा. शेतकऱ्यांचे गट झाले, गाईगुरे घेतली गेली, गावागावांत पतसंस्था निघाल्या. कोण कॅथलिक, कोण नाही, हे विचारले गेले नाही. कार्यकर्ते महिनोन् महिने खेड्यांत राहून फक्त बैठका घ्यायला शिकवत होते. काम किचकट आणि कंटाळवाणे, बातमीत न येणारे. माझ्या दृष्टीने धर्मप्रांताच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराक्रम हाच.

मग बिशप तुरुंगात कसे गेले?

सुरुवात १९७१ ची. वोन्जूच्या प्रसारण केंद्रात धर्मप्रांताची गुंतवणूक होती. दुसरी भागीदार सत्तेच्या जवळची एक शिष्यवृत्ती संस्था. पैशांच्या अफरातफरीला दाद मिळेना, तेव्हा ५ ऑक्टोबर १९७१ रोजी वोनदोंग चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) झाली आणि बिशपसकट लोक भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर उतरले. तीन दिवस हे चालले.

पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी सगळी सत्ता आपल्या हाती एकवटणारी युशिन राज्यघटना लादली. १९७४ मध्ये विद्यार्थी चळवळीवर मोठी धाड पडली. कवी किम जी-हा पकडला गेला. तो वोन्जूचा रहिवासी. बिशपने त्याला पैसे दिले हा आरोप. ६ जुलै १९७४ रोजी परदेशातून परतताना गिम्पो विमानतळावरच गुप्तचरांनी बिशपना उचलले. सोलचे आर्चबिशप कार्डिनल किम सू-ह्वान राष्ट्राध्यक्षांना भेटले, तेव्हा बिशप जींना कोठडीतून काढून नजरकैदेत ठेवले गेले.

गप्प बसले असते तर कदाचित तेवढ्यावर निभावले असते. पण २३ जुलैला बिशपने पत्रकारांसमोर 'सद्सद्विवेकाची घोषणा' वाचली: युशिन घटना हिंसा, धमकी आणि खोट्या जनमताने आणलेली असल्यामुळे ती रद्दबातल आहे. ऑगस्टमध्ये लष्करी न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा ठोठावली. १७ फेब्रुवारी १९७५ रोजी सुटका झाली.

या अटकेचा देशावर काय परिणाम झाला?

तरुण धर्मगुरू खवळले. सप्टेंबर १९७४ मध्ये वोन्जूत जमून त्यांनी संघटना करायचे ठरवले आणि २६ सप्टेंबरला म्योंगदोंगमध्ये ती जाहीर झाली: न्यायासाठी कॅथलिक धर्मगुरूंचा राष्ट्रीय संघ. पुढच्या दोन दशकांतल्या लोकशाही लढ्यात हे नाव सारखे भेटते. २३ जानेवारी १९७६ ला वोनदोंगमध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी मिळून 'वोन्जू घोषणा' केली, तिच्यातूनच लोकशाहीची मागणी करणारी १ मार्चची म्योंगदोंगची प्रसिद्ध घोषणा पुढे आली. वोन्जूचे फादर शिन ह्योन-बोंग त्या प्रकरणात तुरुंगात गेले.

सगळे कॅथलिक बिशपच्या पाठीशी होते का?

मुळीच नाही. बिशपांमध्येच दोन तट होते. कार्डिनल किम पाठीशी उभे राहिले, पण चर्चने राजकारणात पडू नये असे मानणारेही वजनदार होते. धर्मगुरूंचा तो संघ बिशप परिषदेची अधिकृत संस्था कधीच नव्हती. मागे वळून पाहताना सगळे एकमुखाने लढले असे वाटते, तसे काही नव्हते.

खाणींशी या धर्मप्रांताचा काय संबंध?

थेबेक, साबुक, गोहान, साम्चोक हा देशाचा कोळशाचा पट्टा. खाण कामगारांच्या वसाहतींत दुकानदाराची उधारी ही वेगळीच गुलामगिरी होती, म्हणून पतसंस्थांबरोबर ग्राहक सहकारी दुकाने काढली गेली. एप्रिल १९८० मध्ये साबुकला कामगारांचा उद्रेक झाला. १९८९ नंतर सरकारच्या धोरणाने खाणी बंद होत गेल्या आणि वस्त्या ओस पडल्या. त्या डोंगरात २००० साली कॅसिनो उघडला. गोंगसोची वाट, मग कोळशाची, मग जुगाराची. एकाच दरीत.

हानसालिम ही चर्चची संस्था आहे का?

नाही, पण मुळे इथलीच आहेत. पूरग्रस्त समितीत काम केलेले पाक जे-इल यांनी डिसेंबर १९८६ मध्ये सोलच्या जेगी-दोंग भागात तांदूळ आणि सेंद्रिय शेतमालाचे छोटे दुकान उघडले: हानसालिम. शेतकरी आणि शहरी ग्राहक यांना थेट जोडणारी आज कोरियातली ती मोठी सहकारी चळवळ आहे. जांग इल-सून तिचे वैचारिक गुरू. ते कॅथलिक होते, बौद्ध आणि ताओवादी विचारांत रमणारे होते, आणि कोरियन दोंगहाक पंथाचे दुसरे गुरू हेवोल यांना फार मानत. अशी सरमिसळ वोन्जूत कोणाला खटकली नाही.

बिशप जी उत्तर कोरियाला गेले होते ते कशासाठी?

बहिणीला भेटायला. सप्टेंबर १९८५ मध्ये दोन्ही कोरियांनी दुरावलेल्या कुटुंबांची पहिली अधिकृत भेट घडवली. प्योंगयांगमध्ये साडेतीन दशकांनी भाऊबहीण भेटले, रडले. बिशपने स्वर्गाचा विषय काढला तेव्हा बहीण म्हणाली की आमचा स्वर्ग इथेच आहे, मेल्यावरचा कशाला? हा प्रसंग टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. त्याच दौऱ्यात हॉटेलातल्या खोलीत त्यांनी मिस्सा अर्पण केली.

त्यांच्यानंतर कोण?

जी हाक-सून १२ मार्च १९९३ रोजी वारले. त्यानंतर बिशप किम जी-सोक, आणि २०१६ पासून बिशप चो ग्यू-मान.

भेट द्यायची असेल तर कुठून सुरुवात करावी?

पुंगसुवोनपासून, शक्यतो जूनच्या सुमारास मिरवणुकीच्या वेळी. मग वोन्जू शहरात जुनी राज्यपाल कचेरी पाहा; तिथे जीव गमावलेले तिघे २०१४ मध्ये धन्य घोषित झाले. वोनदोंग कॅथीड्रल तिथून जवळच आहे. युद्धात पडल्यानंतर पुन्हा बांधलेली साधीच इमारत, बघण्यापेक्षा आठवण्याची. शेवटी बेरोन: ह्वांगची भुयारी खोली, गवती सेमिनरी, टेकडीवर फादर चे यांची कबर. तिथेच धर्मगुरूंच्या दफनभूमीत बिशप जी हाक-सून यांचीही कबर आहे.